पिवळ्या दरवाजाचा कागद

कॅनोरा, सास्काचेवान
२ नोव्हेंबर १९९७

ती. ओलेनाताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. आम्ही तुझ्या मेक्सिकोत घर घेतोय.

मागच्या फेब्रुवारीत तुझ्याकडून निघून आम्ही चार दिवस सान मातेओला राहिलो होतो, ते मासेमारीचं गाव. तिथे समुद्राकडे तोंड केलेलं एक घर आहे. दोन खोल्या, पुढे पडवी आणि पिवळाधमक दरवाजा. मालक वेन्सेस्लाओ म्हणून आहे, माझ्याच वयाचा, हसरा. त्याला इंग्रजी येत नाही आणि मला स्पॅनिश येत नाही, तरी आमचं तासभर छान चाललं होतं. शेवटी मी हात पुढे केला, त्यानं तो घट्ट धरला, आणि सौदा झाला. इथे आल्यावर मी त्याला तीनदा पत्र लिहून कागद मागवला. तो परवा आला. सोबत जोडलाय. खाली गोल शिक्का आहे, सही आहे.

मार्लीनची बोटं यंदा ऑक्टोबरातच संधिवातानं वळली. सकाळी कपाचा कान धरवत नाही. एकतीस वर्षं मी तिला गव्हाच्या कोठाराशेजारच्या त्या वाऱ्याच्या घरात ठेवलं. आता निवृत्त झालोय, तर निदान हिवाळे तरी ऊन असेल तिथे काढू.

तर कागद वाच, जमलं तर घर बघून ये आणि काय करावं ते सांग. ताई, सल्ला मागतोय, भाषण नाही. शिक्षकांच्या संपात तू दीड तास बोललीस आणि शाळा मंडळाचा अध्यक्ष टोपी विसरून पळाला, ही गोष्ट गावात अजून सांगतात. माझ्याकडे टोपी एकच आहे.

मार्लीनचा नमस्कार. माया आहे तशी असू दे.

तुझा,
ओरेस्ट

---

तेपीक, नायारित
३० नोव्हेंबर १९९७

चि. ओरेस्ट यास,
अ. आ.

टोपी घट्ट धरून बस.

तुझा कागद मी दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा वाचला तो शिक्का. तो शिक्का सान मातेओच्या मच्छीमार सोसायटीचा आहे, बाळा. मासळीच्या पावतीवर मारतात तो. तुझा वेन्सेस्लाओ सोसायटीचा चिटणीस आहे, शिक्का त्याच्या खिशात असतो. या देशात घराचा व्यवहार नोटरीपुढे होतो, आणि इथला नोटरी म्हणजे तिठ्यावर बसून शिक्के मारणारा माणूस नव्हे, तो मोठा वकील असतो. समुद्राजवळचं घर परदेशी माणसाला थेट नावावर करताच येत नाही, बँकेच्या विश्वस्तपत्रातून घ्यावं लागतं. आणि या सगळ्याच्या आधी एक प्रश्न विचारायचा असतो, तो तू विचारलाच नाहीस. घराखालची जमीन कोणाची?

मी शनिवारी बसनं जाऊन तो विचारून आले. जमीन एहीदोची आहे. म्हणजे गावकीची. या देशात गोरगरिबांनी रक्त सांडून ती जमीनदारांच्या घशातून काढली आणि सगळ्यांची म्हणून राखली. तिथे राहता येतं, कसता येतं, पोरांना देता येतं. गावच्या सभेनं ठराव करून ती मोकळी केल्याशिवाय कोणाच्या बापाला विकता येत नाही. आणि मोकळी केली तरी पहिला हक्क बायकोमुलांचा.

आता बायकोचं ऐक. तिचं नाव रेफूखिओ, सगळे तिला कूका म्हणतात. त्याच पडवीत ती मासे भाजून विकते, आणि तू फेब्रुवारीत तिच्याच हातचे खाल्लेस. मी मासा मागवला, गप्पा सुरू केल्या आणि सहज म्हणाले, की हे घर माझ्या भावाला विकलंय म्हणे. तिला ठाऊकच नव्हतं. तिनं हातातला चिमटा खाली ठेवला. ओरडली नाही, रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, की तुझा भाऊ दरवाजाचा रंग तोच ठेवणार आहे का. तो तिनं स्वतः दिलेला आहे.

ओरेस्ट, आपल्या गावचं सामायिक कुरण विकत घ्यायला शहरातून दलाल आला होता तेव्हा तू चार वर्षांचा होतास, मी अकराची. सभागृहाच्या मागच्या बाकावर बसून मी बाबांना उभं राहिलेलं पाहिलं. त्यांनी तो शिक्क्यांचा कागद उलटासुलटा केला आणि म्हणाले, की साहेब, सगळं ठीक आहे, पण यावर गुरांची सही दिसत नाही. अख्खं सभागृह हसलं आणि दलाल गेला. ते कुरण आजही गावाचं आहे. तू त्या माणसाचा मुलगा आहेस, आणि तुझ्या कागदावर कूकाची सही नाही.

एक पैसा पाठवू नकोस. रागावलास तरी चालेल, पण राग पत्रात लिही, गिळू नकोस.

आशीर्वादासह,
ओलेनाताई

---

कॅनोरा
२२ डिसेंबर १९९७

ती. ओलेनाताईस,
सा. न. वि. वि.

राग आला होता, लिहितो. तू तिथे जाऊन आलीस ते बरं केलंस, पण त्या बाईला सांगायला नको होतंस असं मला दोन दिवस वाटलं. तिसऱ्या दिवशी वाटलं, की बरं झालं. त्याबद्दल तुझे उपकार मानतो.

पण माझा प्रश्न सुटलेला नाही. मी हात दिलाय. एकतीस वर्षं मी या तालुक्याचा गहू हातावर घेतला. शेतकरी गाडी घेऊन यायचा, मी हात द्यायचो, भाव ठरायचा. कागद नंतर, कधी आठवड्यानं. रात्रीत भाव पडला म्हणून मी हात मागे घेतला असं एकदाही झालं नाही. आता साठी ओलांडल्यावर, समुद्रापलीकडच्या नव्हे, याच खंडातल्या एका माणसाला मी काय लिहू? की माझी बहीण नको म्हणाली?

तिचं घर मला नकोय. आणि शब्द मोडायचाही नाहीये. दोन्ही कसं जमेल ते सांग. तुझं वाचन दांडगं आहे, कुठल्यातरी पुस्तकात असेल.

लोभ कमी करू नये.

ओरेस्ट

---

कॅनोरा
२२ डिसेंबर १९९७

ती. ओलेनाताईंना,
मार्लीनचा सा. न.

हे त्यांच्या पत्रासोबत नाही, वेगळं टाकतेय. अक्षर वाकडं आलं असेल तर बोटांना माफ करा.

ताई, घर हवं असं मी कधी म्हटलंच नव्हतं. सान मातेओला तिसऱ्या सकाळी मी एवढंच म्हटलं, की बघा, इथे माझी बोटं उघडतात. तेवढ्यावर ते उठले आणि जाऊन हात देऊन आले. घरी आल्यापासून दिनदर्शिकेच्या पाठीवर त्या घराचे नकाशे काढतात. फळ्या किती उंचीवर लावायच्या ते ठरवायला माझा खांदा मोजला. नळाची चकती नको, दांडा हवा, म्हणजे मला मनगटानं फिरवता येईल, हेसुद्धा लिहून ठेवलंय. अशा माणसाला मी कोणत्या तोंडानं सांगू, की मला घर नको, दोन महिने ऊन पुरे?

त्यांनी तो सौदा सोडावा, पण सोडताना लहान होऊ नये, असं काही करा. ते सांगत नाहीत, पण तुमचं पत्र आल्यापासून दिनदर्शिका नकाशांची बाजू भिंतीकडे करून टांगली आहे.

तुमची,
मार्लीन

---

तेपीक
१४ जानेवारी १९९८

चि. ओरेस्ट यास,
अ. आ.

पुस्तकात शोधलं नाही. गरज पडली नाही.

शब्द मोड असं मी म्हणत नाही. शब्द मोडणारे मी आयुष्यभर पाहिले, व्यासपीठावर त्यांच्या शेजारी बसले, त्यांच्यावर बोलून घसा फोडला. तू त्यांच्यातला नाहीस, होऊही नकोस. पण जो हात पत्रानं परत घेतला जातो तो मोडला जातो. जो समोर जाऊन, सगळ्यांच्या देखत परत मागितला जातो तो मोडत नाही. म्हणून जिथे दिलास तिथे जा.

सान मातेओच्या गावकीची सभा महिन्याच्या शेवटच्या रविवारी भरते. तिथली शाळामास्तरीण इर्मा माझी जुनी विद्यार्थिनी. तिच्यामार्फत मी विचारलंय. परक्या माणसाला बोलू द्यायचं की नाही यावर हात वर करून मत घेतात, आणि दिलं तर टोपी काढून उभं राहून बोलायचं. बावीस फेब्रुवारीची तयारी ठेव. मी सोबत येईन, तू नुसता उभा राहा, बोलायचं काम माझं.

मार्लीनला घेऊनच ये. तिच्यासाठी कुठे खोली मिळते ते त्यानंतर बघू. घर विकत घ्यायच्या आधी त्या गावात एक हिवाळा भाड्यानं काढावा, हा सल्ला मी तुला पहिल्याच पत्रात द्यायला हवा होता. तेव्हा मी शिक्क्यावर घसरले आणि माणसं राहून गेली. ती चूक माझी.

मायेनं,
ओलेनाताई

---

सान मातेओ दे ला बार्रा
२४ फेब्रुवारी १९९८

ती. ओलेनाताईस,
सा. न. वि. वि.

घोटा कसा आहे? तुझ्या त्या जिन्याच्या शेवटच्या पायरीनं नेमका सभेचाच आठवडा गाठला. तुला प्लॅस्टरमध्ये ठेवून आम्ही निघालो तेव्हा परत फिरावं असं मला दोनदा वाटलं, हे आता सांगतो. सगळं लिहून कळव म्हणालीस, म्हणून लिहितोय.

सभा शाळेच्या ओट्यावर होती. आधी हजेरी. गावकीचा चिटणीस एकेक नाव वाचतो आणि ज्याचं त्यानं हजर म्हणायचं. मग इर्मानं माझ्याबद्दल विचारलं, हात वर झाले, आणि मला उठावं लागलं. ताई, मी जन्मात कधी सभेत बोललो नाही. आपल्या घरात ते खातं तुझ्याकडे होतं. चार वाक्यं बोललो असेन. म्हणालो, की या माणसाला मी हात दिला. घर कोणाचं ते विचारलं नाही, ती चूक माझी. आता कळलंय, म्हणून तुमच्या सगळ्यांसमोर हात परत मागतो. त्यानं शब्द मोडला असं कोणी म्हणू नये, आणि मी मोडला असंही.

इर्मानं ते स्पॅनिशमधून सांगितलं. मग वेन्सेस्लाओ उठला. त्याची टोपी आधीच हातात होती. तो म्हणाला, की दर हिवाळ्यात चार-पाच परदेशी हे घर बघून खूश होतात, माझा हात धरून हलवतात आणि निघून जातात. मला वाटलं त्यांची तीच पद्धत. यानं मात्र कागद मागितला, पुन्हा मागितला, तिसऱ्यांदा मागितला. एवढ्या भल्या माणसाला नाही म्हणायला जीवावर आलं, म्हणून दिला. मागून कोणीतरी विचारलं, की पैसे आले असते तर काय केलं असतंस. तो खरं बोलला. होडीला नवं इंजिन घेतलं असतं म्हणाला. सगळे हसले, कूकाबाई सोडून.

मग ती उठली. नवऱ्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, की हात मिळवून गेलेल्यांपैकी परत आलेला हा पहिलाच. त्याचा हात रिकामा कशाला पाठवायचा. आणि चालत येऊन तिनं आपला हात माझ्यापुढे धरला. घर विकायचं नाही, पण पुढची खोली दर हिवाळ्यात जानेवारी ते मार्च आमची, कूकाबाई आहे तोवर. भाडं गावात चालतं तेच. त्याशिवाय एक अट. सोसायटीचा काटा दोन वर्षं कोणालाच पटत नाही. मासळीवाले एक वजन म्हणतात, व्यापारी दुसरं, तर तो मी नीट करून द्यायचा. मी धान्याच्या काट्यावर जन्म काढला हे तिला कोणी सांगितलं, ते मी तुला विचारत नाही.

मी तिच्या नवऱ्याकडे बघितलं. त्यानं मान डोलावली. मग सभेनं हात वर केले. मग मी हात दिला. या वेळी आधी विचारून.

काल दिवसभर काटा उघडून बसलो होतो. आत वाळू आणि मिठानं गंजलेली एक सुरी, म्हणजे काट्याची दांडी जिच्यावर तोलते ती धार. खोटेपणा कोणाचाच नव्हता. वेन्सेस्लाओ शेजारी बसून एकेक भाग पुसून देत होता. संध्याकाळी दोन मोठे मासे घेऊन आला आणि खुणेनं विचारलं, राग आहे का. मी खुणेनंच सांगितलं, की हात आधी मी पुढे केला होता.

मार्लीन कूकाबाईजवळ मक्याच्या भाकऱ्या थापायला बसते. पहिल्या दिवशीच्या भाकऱ्या कुत्र्यानंही हुंगून सोडल्या म्हणे, आणि दोघी त्यावर इतक्या हसल्या की इर्माला बोलवायची गरज पडली नाही. आज सकाळी मार्लीननं कपाचा कान धरून कप उचलला. मी बघतोय हे तिला कळू दिलं नाही.

ताई, तू अडवलंस म्हणून हे सगळं मिळालं. मी बोललो ते बाबांसारखं नव्हतं, पण त्यांनी ऐकलं असतं तर उठून गेले नसते एवढं वाटतं.

तुझ्या पायाला आणि तुला नमस्कार.

ओरेस्ट

---

तेपीक
१८ ऑक्टोबर १९९८

चि. ओरेस्ट आणि चि. सौ. मार्लीन यांस,
अ. आ.

घोटा बरा आहे, पावसाळ्यात कुरकुरला, आता गप्प आहे. तुमची पत्रं मिळाली. मार्लीन, तुझं अक्षर उन्हाळ्यात सरळ आलं होतं, या वेळी पुन्हा कलतंय, तेव्हा निघायची तारीख लवकर ठरवा.

पन्नास वर्षं मी लोकांसमोर बोलत आले, ओरेस्ट. टाळ्या घेतल्या, दगड घेतले. तुझी ती चार वाक्यं इर्मानं मला जशीच्या तशी म्हणून दाखवली, आणि त्या दिवशी मला बरं वाटलं की माझा घोटा मोडला होता. मी गेले असते तर दीड तास बोलले असते, आणि कूका उठली नसती. हे मी दुसऱ्या कोणाजवळ कबूल करणार नाही, तूही करू नकोस.

कूका काल बाजाराला आली होती, माझ्याकडे जेवली. तिला लिहिता येत नाही. तुमच्यासाठी निरोप सांगितला, तो ती म्हणाली तसा उतरवते.

काटा बरोबर आहे. व्यापारी आता वाद घालत नाही, नुसतं तोंड वाकडं करतो. वेन्सेस्लाओनं नवं इंजिन घेतलं नाही, जुनंच उघडून पुसलं, तुमच्याकडून शिकला. पुढच्या खोलीच्या नळाला दांडा बसवून घेतला आहे. तुमच्या दिनदर्शिकेवर तसं लिहिलं होतं, बाईंनी सांगितलं. दरवाजाचा रंग पावसानं पार उडाला. डबा आणून ठेवला आहे, पिवळाच. मी दिला नाही. तो तुमचा दरवाजा आहे, तुम्हीच या आणि द्या. पंधरा जानेवारीच्या आत या, रंग वाळायला कोरडी हवा लागते.

एवढाच निरोप. मी त्यात माझं एक वाक्य घालत नाही.

वाट बघणारी,
ओलेनाताई