कापसाच्या आगीबद्दल मी दिलेला जबाब

नाना, तोंडाने मी तुम्हाला कायम तू म्हणत आले, आपल्याकडे बापाला तसंच म्हणतात. कागदावर मात्र तू लिहायला हात धजत नाही. तुम्ही देवाघरी गेल्यावर बरंच बदललं; तुमच्या अग्निशमन केंद्रात आता एका पाळीला दोन माणसं असतात, हे आधी सांगते. एक जण बंब चालवतो आणि तोच पंप सांभाळतो, दुसरा नळी धरतो. तुमच्या वेळी सात जण होते आणि तरी तुम्ही घरी येऊन कुरकुरायचात की आठवा पाहिजे. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या नाहीत, ठेक्यावरच्यांना एका सकाळी घरी पाठवलं. नगरपालिका म्हणते उत्पन्न नाही, आस्थापनेचा खर्च झेपत नाही. सभेत एक सभापती म्हणाले म्हणे, "आग काय रोज लागते का? बसून पगार खातात." त्याच सभेत बस स्टँडसमोरच्या स्वागत कमानीला मंजुरी मिळाली. कमान झाली आहे. तिच्यावर सगळ्यांचे हात जोडलेले फोटो आहेत. बंब खालून जाताना वरची शिडी कमानीला घासायची, म्हणून शिडी काढून ठेवली. कमान काढायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

मला तुमची एक सकाळ फार आठवते. मी दहा वर्षांची आहे, हातात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा डबा आहे आणि आईने पाठवल्यावरून मी, कापसातली सरकी काढतात त्या जिनिंगमध्ये आले आहे. आदल्या दिवशी तिथल्या कापसाच्या गंजीला लागलेली आग संध्याकाळीच विझली होती. तरी तुम्ही आणि तुमचा एक सोबती उपड्या बादल्यांवर बसून आहात, समोर काळा, ओला ढीग. मी म्हणते, "इझनी ना आग, घर चाल ना आते." तुम्ही मला जवळ ओढता. माझं मनगट धरता आणि हात कोपरापर्यंत त्या ढिगात घालता. वरचा कापूस गार, आणि आत तव्यासारखी धग. मी किंचाळते. तुम्ही म्हणता, "कापूस वरतून इझस, मझार जयतच ऱ्हास. त्याले सोडीसन जास तो फायरमन नई." मग माझ्या हातावर पाणी ओतता आणि भाकरीचा पहिला तुकडा मलाच देता. रागवावं की हसावं, मला कळत नाही.

तुमचे जावई तुमच्याच हाताखाली शिकले. त्यांनाही तुम्ही असाच हात घालायला लावला असणार. गेल्या पौषात दुपारी त्याच जिनिंगमध्ये गंजी पेटली. हे आणि ड्रायव्हर, दोघंच. दोन तासांत ज्वाळा विझवल्या. तेवढ्यात फोन आला की म्हसावदकडे उसाला आग लागली आहे आणि शेजारच्या झोपड्यांकडे सरकते आहे. बंब एक, माणसं दोन. ह्यांनी जिनिंगच्या मॅनेजरला सांगितलं की गंजीजवळ माणसं बसवा, ढीग उकरत राहा. तो हो म्हणाला आणि ऑफिसात जाऊन बसला. ऊस विझवून हे दिवेलागणीला परत आले तेव्हा गंजी पुन्हा पेटून आग शेडला भिडली होती. नळी घेऊन एकटेच आत गेले. पत्र्याचं छत खाली आलं. मागून नळी ओढायला, हाक मारायला कोणी नव्हतं. ड्रायव्हर पंपापाशी होता.

नगरपालिकेने शोकसभा घेतली. कमानवाले सगळे आले होते, पांढऱ्या कपड्यांत. मग चौकशी लागली आणि मला जबाबाला बोलावलं. समोर तीन माणसं, त्यातला एक मोबाइल बघत होता. कारकुनाने मला न विचारताच शाईचा पॅड पुढे सरकवला. मी म्हटलं, "पेन द्या." चौथीनंतर शाळा सुटली, पुढचं सगळं वाचन माझं मी केलं, तुम्ही आणलेल्या रद्दीपासून वाचनालयाच्या पुस्तकांपर्यंत. मधला साहेब म्हणाला, "ताई, तुम्हाला यातलं काय माहीत असणार? तुम्ही फक्त घरून ते कधी निघाले तेवढं सांगा."

तिथे माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही कधी जळक्या कापसात हात घातलाय? मी घातलाय." आणि मग मी सगळं सांगितलं. तुमची बादली, तुमचं वाक्य, माझा भाजलेला हात. माझ्या बापाने कापूस सोडून कधी पाय हलवला नाही, म्हटलं, आणि त्यांनी शिकवलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. मोबाइल खाली ठेवला गेला. "बोला ताई, बोला," साहेब मऊ आवाजात म्हणाला. मला वाटलं, लाजले. कारकुनाने लिहिलेलं मी ओळ न ओळ वाचलं. एक शब्द चुकीचा नव्हता. सुवाच्य अक्षरात सही केली.

अहवालात आलं ते असं: मयत कर्मचारी अनुभवी होता. कापसाची आग सोडून जाऊ नये, याची त्यास पूर्ण कल्पना होती, हे त्याच्या पत्नीच्या जबाबावरून स्पष्ट होते; तरी त्याने जागा सोडली. सबब मनुष्यबळाच्या कमतरतेचा प्रश्न उद्भवत नाही.

ड्रायव्हर घरी आला, ओट्यावर बसला. चहा दिला तो तसाच राहिला. "वयनी, तू हाई काय करी बठनी? आम्ही दोनच जन व्हतूत, इतलंच सांगानं व्हतं."

इतकंच सांगायचं होतं. त्या सकाळी तुम्ही दोघं गंजीपाशी बसू शकलात, कारण बाकीचे पाच जण बंब घेऊन केंद्रात तयार होते. हे मला माहीत होतं. दहा वर्षांची असतानाही माहीत होतं, कारण डबा घेऊन मी आधी केंद्रात गेले होते आणि त्यांनीच मला जिनिंगची वाट दाखवली होती. ती माणसं मी जबाबात घेतली नाहीत. त्या खुर्च्यांवरच्या लोकांची लायकी मला पक्की माहीत आहे. झोपड्या वाचवणाऱ्या माणसाला मेल्यावर कामचुकार ठरवणारी ही जात. पण त्यांच्या हातात कागद मी दिला.

आता नवा अर्ज लिहिला आहे. सात माणसं, पाच आणि दोन, सगळं स्पष्ट. उद्या देणार आहे, नाही घेतला तर वर पाठवणार आहे. हा कागद मात्र कुठे जायचा नाही, म्हणून यात लिहिते. त्या दिवशी मी तुमच्या जावयांसाठी बोलायला गेले होते आणि त्यांचं नाव तोंडातून एकदाही निघालं नाही. मी कोणाची मुलगी आहे ते त्या तिघांना कळावं, एवढंच मला हवं होतं. अर्जात हे लिहिलेलं नाही.