अस्मिताचा अभ्यास

घणसोली, नवी मुंबई
१६ जानेवारी २०२५

आयु. अस्मिताच्या बाबांस,
दुर्गाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

सुखरूप पोचले. जावईबापू अंकुशराव ठाण्याला स्टेशनवर घ्यायला आले होते. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि न ऐकताच तुम्ही हो हो करता, म्हणून पत्र. निरोपापुरता शेजारच्या हौसेराव भाऊजींचा फोन आहेच, पण ते तिथंच कान लावून उभे असताना मी काय बोलणार?

तळवलीच्या बाजूला पोरीची बिल्डिंग आहे, चौथा मजला. नात मला विसरली असेल असं वाटलं होतं, पण सांचीनं दारातच पदराला धरलं. आता तिला झोपवणं, भरवणं, खाली झोक्यावर नेणं सगळं माझ्याकडे. जावईबापूंची कंपनीत शिफ्ट असते, आठवड्याला बदलते. ते घरात असतील तेव्हा भांडी घासतात. मी नको म्हणाले तर म्हणाले की मामी, तुम्ही सांचीला आणि अस्मिताला सांभाळा, भांड्यांना मी आहे.

तुम्ही विचारलं होतं की चार वर्षं घरी बसलेल्या पोरीला एवढी घाई कशाची. तर ऐरोलीच्या एका कंपनीनं तिला घ्यायचं कबूल केलंय, पण एप्रिल संपायच्या आत तीन परीक्षा पास झाल्याची सर्टिफिकेटं पाहिजेत. पहिली नेटवर्कची, दुसरी सिक्युरिटीची, तिसरी क्लाउडची. एकेकीला लोक चार-सहा महिने घेतात म्हणे. हिला तिन्ही मिळून तेवढेसुद्धा नाहीत. नाही झालं तर जागा दुसऱ्याला.

ती पहाटे उठून वाचते. मी तिच्या प्रश्नांचे कागद हातात घेऊन बसते, ती उत्तर म्हणते, मी कागद उलटून बघते. अक्षर इंग्रजी, पण अंगणवाडीत इतकी वर्षं काढली, तेवढं जुळवता येतं.

बीपीची गोळी रोज घ्या. शेळीला ओला चारा एकदम टाकू नका. मार्च संपायच्या आत मी परत येते, जयंतीची तयारी आहे.
माया असू द्या.
आपली,
दुर्गा


चिंचखेडा, ता. परतूर
२५ जानेवारी २०२५

आयुष्मती दुर्गास,
सप्रेम जयभीम. पत्र पोचलं. वाचून बरं वाटलं.

इकडचं सगळं ठीक आहे. शेळी ठीक आहे. मी ठीक आहे. भाकरी थापायला घेतली तर एकीकडून जळते आणि दुसरीकडून कच्ची राहते, तेव्हा जळालेली बाजू शेळीला आणि कच्ची मला. हौसेरावांच्या घरून दोन दिवस डबा आला. तिसऱ्या दिवशी मीच नको म्हणालो. एसटीची गाडी तीस वर्षं चालवली, एक तवा चालवता येऊ नये म्हणजे काय.

एक कळलं नाही. पोरगी नक्की शिकते काय? हौसेराव विचारायला आले तर मी इंटरनेटचं म्हणून सांगितलं. ते म्हणाले की इंटरनेट तर त्यांचा नातूही चालवतो, त्याला कुठं परीक्षा पडली. नीट विचारून कळव.

अंकुशरावांना जयभीम, सांचीला गोड पापा. मार्च लांब आहे, पण असो.
लोभ ठेवणे.
तुझा,
रावसाहेब


घणसोली
१० फेब्रुवारी

आयु. अस्मिताच्या बाबांस, जयभीम वि. वि.

पहिली परीक्षा पास! परवा वाशीला झाली. कॉम्प्युटरवरच पेपर आणि कॉम्प्युटरवरच निकाल, खुर्चीतून उठायच्या आत. घरी आली ती पायातली चप्पल न काढताच स्वयंपाकघरात आली आणि मला उचलायलाच बघत होती. माझं वजन बघता तो नाद तिनं सोडला.

हौसेराव भाऊजींना सांगा, इंटरनेट चालवणं म्हणजे गाडीत तिकीट काढून बसणं. ही शिकायली ते म्हणजे डेपो. कुठली माहिती कुठल्या वाटेनं जायची, वाट बंद पडली तर कुठून वळवायची, हे ठरवणाऱ्या यंत्रांना राउटर म्हणतात, आणि ती यंत्रं लावायची, सांभाळायची हे तिचं काम. तुमच्यासाठी मुद्दाम एसटीत बसवून सांग म्हणाले तिला.

आता दुसरी, सिक्युरिटीची. त्यात फायरवॉल म्हणून असतं. मला वाटलं आगीची भिंत. तर तो दारावरचा राखणदार, कोणाला आत सोडायचं आणि कोणाला नाही ते बघणारा. ही अवघड आहे म्हणे. पण आमचा सराव जोरात चाललाय. मी प्रश्नाचा पहिला शब्द वाचेपर्यंत तिचं उत्तर येतं, मला कागद उलटायलाही वेळ देत नाही.

इथल्या विहारात रविवारी जाते. बायका चांगल्या आहेत, बऱ्याच जणी आपल्या बाजूच्या, जिंतूर, मंठा, अंबड. खालच्या मजल्यावरच्या अरुणाताईंशी संध्याकाळी बागेत गप्पा होतात. खोटं कशाला बोलू, मला इथं करमायलंय.

तुम्ही जेवता का नीट? फक्त ठीक आहे लिहू नका.
माया असू द्या.
दुर्गा


चिंचखेडा
२३ फेब्रुवारी

आयु. दुर्गास, जयभीम.

पोरगी पास झाली, पेढे वाटले. हौसेरावांना डेपोची गोष्ट सांगितली. ते म्हणाले की मग पगार डेपो मॅनेजरचा पाहिजे. मी म्हणालो की मिळेल.

तुला तिथं करमतं हे वाचलं. चांगलं आहे. करमावं माणसाला. इथं संध्याकाळी मी ओट्यावर बसतो, समोरून लोक जातात, हात हलवतात, मीही हलवतो. काय बोलतात ते कळत नाही. तू असलीस म्हणजे मागाहून सांगतेस कोण काय म्हणालं. आता सगळा गाव मुका झाल्यासारखा वाटतो. तक्रार नाही, आपलं कळवतो.

पिठलं जमलं. खिचडी जमली. भाकरी गोल होत नाही, पण दोन्ही बाजूंनी शिजते.

महिला मंडळाच्या बायका दोनदा येऊन गेल्या. यंदा जयंतीचा पूर्ण कार्यक्रम पहिल्यांदाच बायकांकडे दिलाय आणि तू अध्यक्ष. संघमित्रा, ग्रामपंचायतीतली, म्हणाली की दुर्गाकाकू आल्याशिवाय गाण्यांचा सूर लागत नाही. मी त्यांना सांगितलंय, मार्चअखेर म्हणजे मार्चअखेर. तुझा शब्द आहे.
लोभ ठेवणे.
रावसाहेब


घणसोली
१९ मार्च

आयु. अस्मिताच्या बाबांस, जयभीम.

दुसरी परीक्षा गेली.

सोमवारी दुपारी आली. सांचीला घेऊन खाली झोक्यावर गेली, बराच वेळ झोका देत राहिली. वर आल्यावर माझ्याजवळ बसून मेथी निवडायला लागली आणि निवडता निवडताच म्हणाली की आई, गेलं. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

रोज मीच तर विचारत होते. एक उत्तर चुकत नव्हतं. ती म्हणते, पेपरात तेच प्रश्न फिरवून विचारले आणि तिला काही सुचेना. आमच्या कागदावरचं सगळं पाठ झालं होतं, कळलं नव्हतं. मी बरोबर बरोबर म्हणत गेले, मला काय ठाऊक.

पुन्हा बसायचं तर मधे दोन आठवडे थांबायचा नियम आहे. म्हणजे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ही, आणि महिना संपायच्या आत तिसरी. जावईबापू साहेबांना भेटले, पण शिफ्ट बदलून मिळत नाही. पाळणाघरात सांचीला दोन दिवस ठेवून बघितलं, रडून ताप आणला तिनं.

अस्मिता म्हणते की आई, तू जा, मंडळाला शब्द दिलायस. आणि जावईबापूंना हळूच म्हणाली की पुढच्या वर्षी बघू. मी ओट्याशी होते, ऐकलं. पुढच्या वर्षी काही होत नसतं, हे मला माहीत आहे आणि तिलाही. इथून निघावं तर पोरगी सोडून देईल, थांबावं तर बायकांना तोंड कसं दाखवू? यंदा पहिल्यांदा त्यांच्या हातात काही आलंय. संघमित्राला सांगा की काकूला जमत नाही, असं लिहायला बसले होते, पण कागद घडी करून ठेवला.

तुम्ही सांगा मी काय करू.
दुर्गा


चिंचखेडा
२४ मार्च

आयु. दुर्गास, जयभीम.

काही करू नकोस. मी येतो.

तू इकडे ये, मी तिकडे बसतो. २९ तारखेची गाडी आहे, ३० ला सकाळी ठाण्यात. अंकुशरावांना हौसेरावांच्या फोनवरून कळवलंय. शेळी त्यांच्याकडे बांधतो.

तू म्हणशील की सांचीच्या नामकरणाला आलात तेव्हा बिल्डिंगमधली माणसं काय बोलली ते न कळून भलतीच उत्तरं दिली, लोक हसले, आणि पुन्हा पाऊल ठेवणार नाही म्हणून निघून आलात. ते खरं आहे. हसतील तर हसू देत. मला ऐकू येत नाही हे सांचीला अजून कळत नाही, तेव्हा आमचं दोघांचं जमेल. पोरीला सांग, पिठलं-भात रोज खावा लागेल.
रावसाहेब


चिंचखेडा
५ एप्रिल

आयु. अस्मिताच्या बाबांस, दुर्गाचा जयभीम. वि. वि.

आता मी इथं आणि तुम्ही तिथं! पोस्टमन म्हणाला की काकू, तुम्ही दोघं एका गावात राहतच नाही का.

घरात आले तर डबे सगळे उलटे लावलेले, मिठाच्या डब्यात साखर. पण तवा लख्ख घासलेला. असा मी आयुष्यात बघितला नव्हता.

गाण्यांचा सराव रोज संध्याकाळी विहारात होतो. पोरी आवाज काढायला लाजत होत्या, दोन दिवसांत लाज गेली. मन मात्र तिकडं आहे. तुम्ही तिला प्रश्न विचारता का? कागद टीव्हीच्या खालच्या खणात आहेत. तुम्हाला उत्तर ऐकू कसं येणार, हे मला कळेना. अरुणाताईंना बसवा हवं तर.
माया असू द्या.
दुर्गा


घणसोली
१२ एप्रिल

आयु. दुर्गास, जयभीम.

दुसरी झाली पास. काल. आधी ते लिहितो, नाहीतर तू पत्र शेवटून वाचशील.

प्रश्न मीच विचारतो. पहिल्या दिवशी तिनं भराभर उत्तर दिलं, मला एक शब्द कळला नाही. पुन्हा सांग म्हणालो. तिनं मोठ्यानं सांगितलं. तरी कळेना. मग चिडून माझ्यासमोर बसली आणि हळू हळू, तोंड माझ्याकडे करून, साध्या मराठीत सांगायला लागली. निम्म्यावर आली आणि थांबली. म्हणाली की बाबा, हे मलाच कळलेलं नाही. पुस्तक काढलं, वाचलं, पुन्हा माझ्यासमोर आली. तेव्हापासून हेच चाललंय. मला समजलेलं काही नाही, पण ती जिथं अडखळते ते दिसतं. मी हात वर करतो, ती पुस्तक उघडते.

एके दिवशी म्हणाली की बाहेरून येणाऱ्यासाठी पोर्ट बंद ठेवायचा. पोर्ट म्हणजे यंत्राचं आत यायचं दार, पण मी ऐकलं, पोट बंद ठेवायचं. मी विचारलं की पाहुण्याला जेवू घालायचं नाही, हे कुठलं शास्त्र? ती हसून हसून खाली बसली. पेपरातही नेमकं पोर्टाचं आलं, म्हणे, आणि एकटीच हसली. शेजारचा परीक्षार्थी बघत राहिला.

आवाज ऐकून अरुणाताई वर आल्या, बाप-लेकीचं भांडण चाललंय असं वाटून. आता त्याही चहा घेऊन ऐकत बसतात.

सांची झोक्यावर झोपते. मी झोका थांबवला की उठते. तिसरी २६ तारखेला. अस्मिताला मधे श्वास घ्यायलाही वेळ नाही. जयंतीला माझ्या वाटचं वंदन तू कर.
लोभ ठेवणे.
रावसाहेब


चिंचखेडा
१७ एप्रिल

आयु. अस्मिताच्या बाबांस, जयभीम वि. वि.

निरोप फोनवर आला होता, तरी पत्र तीनदा वाचलं. पोटाचं मंडळात सांगितलं, बायका अजून हसायल्यात.

जयंती छान झाली. माईक एकदा बंद पडला, पण पोरी थांबल्या नाहीत, तशाच गात राहिल्या आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. अध्यक्ष म्हणून दोन शब्द बोलायचे होते. अस्मिताचं सांगावं असं ओठावर आलं होतं, पण तिसरी राहिलीय, म्हणून गिळलं. पुढच्या रांगेत पोरी बसल्या होत्या, त्यांना एवढंच म्हणाले की अभ्यास कळेपर्यंत करा, पाठ होईपर्यंत नाही.

कार्यक्रम संपला, सतरंज्या घड्या केल्या, घरी आले. सांगायला कुणी नव्हतं. तुम्ही ओट्याचं लिहिलं होतं ना, ते मला त्या वेळी वाचून कळलं नव्हतं.

पोरीला जागवू नका फार. तुमची गोळी?
दुर्गा


घणसोली
३० एप्रिल

आयु. दुर्गास, सप्रेम जयभीम.

फोनवर तुला कळलंच असेल. पण हौसेरावांनी दोन वाक्यांत उरकलं असणार, म्हणून नीट लिहितो.

शनिवारी अंकुशरावांना सुट्टी नव्हती. तिसऱ्या परीक्षेला मी आणि सांची बरोबर गेलो. वाशीला, रस्त्यापलीकडे झाडाखाली थांबलो. सांचीजवळ बिस्किटं होती, माझ्याजवळ काही नव्हतं, म्हणून मीही तिचीच खाल्ली. बाकीची पोरं बाहेर पडत होती, कुणी हसत, कुणी फोन कानाला लावून. आपली येईना.

मग आली. मधे रस्ता, गाड्या चाललेल्या. तिथून ओरडून मला काही कळणार नाही हे तिला ठाऊक. तिनं हात वर करून तीन बोटं दाखवली. मला वाटलं, तीन मार्कांनी गेलं. तशीच तीन बोटं धरून ती उभी राहिली, आणि मग मी तिचा चेहरा बघितला. हसत होती, तिन्ही पास. दुर्गा, तू असायला पाहिजे होतीस. मी सांचीला खांद्यावर घेतलं, तर तीही आजूबाजूच्या लोकांना तीन बोटं दाखवत सुटली.

कंपनीचा होकार आज आला. ५ मे ला कामावर. कंपनीच्या जवळच एक पाळणाघर आहे, मी तीन दिवसांपासून सांचीला घेऊन तिथं बसतो. काल मी दाराबाहेर बसलो आणि ती आत खेळली. आज मला टाटा करून गेली. मला थोडं वाईटही वाटलं. पहिला आठवडा थांबतो, मग १० तारखेच्या गाडीनं निघतो.

एक लिहायचं राहिलं. समोर आलो की मला हे म्हणता येणार नाही, म्हणून कागदावर उरकतो. जानेवारीपासून मी तुला ठीक आहे, ठीक आहे असंच लिहिलं. ठीक नव्हतं. तुझ्यावाचून घर खायला उठत होतं. हे वाचून झालं की काही बोलू नकोस. बोललीस तरी मला ऐकू येणार नाही.

लोभ आहेच. वाढवायला येतो.
तुझा,
रावसाहेब