राणी झाडावरच राहिली

टिळकवाडी, बेळगाव
ता. ३ फेब्रुवारी १९८६

ती. आक्कास,
सिद्रामचा शि. सा. न. वि. वि.

दिवाळीत रुक्माआत्यानं माझ्या टेपवर गायलेली सोनाई राणीची जुनी कथा आठवते न्हवं? तिची कॅसेट केली. मागं माझ्या दोस्ताची, नागोजीची गिटार घातली आणि राणीच्या घोड्याच्या टापा मी करवंट्यांनी वाजवल्या. आत्याला ऐकव आणि ती काय म्हणते ते कळव. ही कथा पुरती येणारी आता तीच एक. तिला थट्टा वाटली तर कॅसेट बाहेर काढणार न्हाय. जीव टांगणीला लागलाय.

धाकट्यावर माया असू दे.
तुझा सिद्राम

निपाणी
ता. ९ फेब्रुवारी

चि. सिद्राम यास अ. उ. आ.

कॅसेट लावली. विड्या वळायला अंबुबाई धरून नऊ बायका बसल्या होत्या. गिटार वाजली तरी आत्या विड्या वळतच राहिली. टापा वाजल्यावर मात्र म्हणाली, घोडा एका पायानं लंगडतोय. बायका लई हसल्या.

पण बाबा, राणी कणकुंबीच्या रानात झाडावर चढली, खाली वाघ आला, आणि कॅसेट संपली. राणी रानात असताना ऐकणाऱ्यानं उठायचं न्हाय, ही आपली रीत विसरलास व्हय? एक बाई हलेना. शेजारी अंबुबाईचा भात करपला, वास सगळ्यांना आला, तरी ती बसूनच. शेवटी आत्यानंच पुढचं गाऊन राणीला घरी पोचवलं, मग बायका गेल्या.

कथा अर्धी का, आत्याला विचारलं तर म्हणाली, सिद्रामलाच विचार. कॅसेटीला अजून होय म्हणाली न्हाय. खरं काय ते लिही.

तब्येतीला जप, आमची आठवण ठेव.
तुझी आक्का, तानी

टिळकवाडी
ता. १३ फेब्रुवारी

ती. आक्कास शि. सा. न.

तुझ्यापासून काय लपवू. त्या दिवशी टेप मधेच संपली. आत्या डोळे मिटून गात होती. थांबवायचा धीर झाला न्हाय, नंतर सांगायची लाज वाटली. पाऊण तास ती बंद मशीनपुढं गायली. हे तिला वाचून दाखव. मग तिनं कॅसेट चुलीत घातली तरी माझी तक्रार न्हाय.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
सिद्राम

निपाणी
ता. १८ फेब्रुवारी

चि. सिद्राम यास अ. उ. आ.

वाचून दाखवलं. आत्या म्हणाली, मधे एकदा डोळे उघडले तेव्हाच चाक थांबलेलं दिसलं होतं. राणीला झाडावर टाकून उठायचं कसं, म्हणून गात राहिली. तू कधी सांगतोस याची दिवाळीपासून वाट बघत होती.

आता कॅसेटीला होय म्हणालीय, गिटारीसकट. रविवारी मोठी टेप घेऊन ये. पण उरलेली कथा मशीनला द्यायच्या आधी ती तुला तोंडपाठ करायला लावणार आहे. मधेच लाईट जाऊन मशीन थांबलं तर त्या बायकांना घरी कोण सोडणार, असं विचारत होती.

माया आहेच, ती घ्यायला ये.
तुझी आक्का