आतून लावलेली कडी

१४ मार्च

ती. दादा,

नमस्कार. अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून पाकीट न फोडताच ठेवून देऊ नकोस. वहिनींचे गुडघे कसे आहेत? माझं बरं चाललंय. चष्म्याचा नंबर वाढला, एवढंच.

सध्या एका माहितीपटाची उपशीर्षकं लिहितेय. महायुद्धात ज्यूंचा जो छळ झाला, त्यातून वाचलेली माणसं त्यात बोलतात. पहिले चार दिवस मी कोरडेपणानं काम उरकलं. छावण्या, काटेरी कुंपणं, प्रेतांचे ढीग, सगळं बघून व्यवस्थित जेवलेसुद्धा. पाचव्या दिवशी पडद्यावर एक म्हातारी आली. आईवडिलांना नेलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. जिना उतरून तिनं खालच्या मजल्यावरचं दार ठोठावलं. तिथली बाई रोज तिची वेणी घालायची. म्हातारी म्हणते, "शिपायांचे चेहरे मी विसरले. आतून कडी लावल्याचा आवाज मात्र अजून ऐकू येतो."

एवढंसं वाक्य. टाइप करायला अख्खी दुपार गेली.

आपल्या लहानपणी, दंगलीच्या त्या आठवड्यात समोरच्या घड्याळजींची मुलगी आपल्या दारावर थापा मारत होती. पुढचं मी जन्मभर असं सांगत आले, की दादा घाबरला, दादानं दार उघडू दिलं नाही. अकरा वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा वहिनींसमोर, मुलांसमोरही तेच बोलले. तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. का रे?

तू तर दार उघडायला उठला होतास. मी तुझ्या हाताला चावले आणि कडी लावली.

गेल्या सोमवारी घड्याळजींच्या त्या मुलीला शोधून काढलं. शिवणकामाचं दुकान आहे तिचं. डावा हात तेव्हापासून कोपरात वाकत नाही. मी चाचरत सुरुवात केली, तर म्हणाली, "माहितेय. 'नको उघडूस' म्हणालीस, ते बाहेर ऐकू आलं होतं."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"कोणाशी? तुझ्याशी?" तिनं सुईत दोरा ओवला. "काही शिवायचं असेल तर सांग. गिऱ्हाईक थांबलंय."

ऑफिसात साहेब म्हणाले, "बाई, या माहितीपटानं तुम्हाला फारच हलवलंय." मी हो म्हटलं. माणसं असलं काही बघून रडतात, आणि रडू आलं म्हणून स्वतःला चांगली समजतात. माझंही तेच चाललं होतं.

क्षमा मागायला तोंड नाही. एवढंच कर, हे पत्र वहिनींना आणि मुलांना मोठ्यानं वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस. तुला गाळायची सवय आहे.

कडी लावणारी,
तुझी धाकटी बहीण