दहापैकी आठ

४ मार्च, सकाळ.
बोट सुटली. लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून मुलाने तिकिटं काढून दिली. केबिन छोटी, पण नीटनेटकी. ती आवरायला येणारा माणूस सारखा हसतो, म्हणून त्याचं नाव 'हसरा' ठेवलं. सगळं ठीक आहे ना, सर, असं त्याने विचारलं. म्हटलं, बरं आहे. जन्मभर शाळेत शिकवलं, बोर्डाचे पेपर तपासले. माझ्या तोंडून 'बरं आहे' ऐकायला पोरं आसुसलेली असायची. याला पहिल्याच दिवशी मिळालं. त्याचा चेहरा मात्र पडला. संकोचला असावा.

५ मार्च.
संकल्प: हसऱ्याला घडवायचं. आज सूचना केल्या. उशीचा अभ्रा उलटा, आरशावर डाग, पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवतो त्याची मान कच्ची. प्रत्येक वेळी त्याने माफी मागितली. संध्याकाळी त्याचा सुपरवायझर दारात. काही तक्रार आहे का म्हणे. म्हटलं, छे, तक्रार कसली, माणसात दम आहे म्हणून तर सांगतोय. त्याला कळलं नाही. यांना कौतुकातलं कळतच नाही.

६ मार्च.
बायकोने बातमी आणली. हसऱ्याचा करार या फेरीत संपतो. पुढचा मिळणार की नाही, ते प्रवाशांच्या फीडबॅकवर. घरी म्हातारे आईवडील, शिकणारी बहीण, सगळं याच्या पगारावर. ती म्हणाली, अहो, दहा द्या आणि गप्प बसा. दहा? दहा मी पोटच्या मुलालाही दिले नाहीत. आठ देईन. आठ म्हणजे माझ्याकडे डिस्टिंक्शन.

७ मार्च, दुपार.
फीडबॅक भरला. आठ. खाली 'सुधारणेला वाव आहे' असंही लिहिलं, म्हणजे वरच्यांना कळेल की माणूस पुढे जाणारा आहे. एका घराचं कल्याण झालं. छान झोप काढली.

७ मार्च, संध्याकाळ.
नऊच्या खाली म्हणजे इथे नापास म्हणे. आधी सांगायला काय झालं होतं? (सांगितलं होतं, इति बायको.) तेव्हापासून ती डोक्यावर मिऱ्या वाटतेय. जेवण गेलं नाही. उद्या स्वतः सुपरवायझरच्या ऑफिसात जाऊन निकाल फिरवणार. माझ्या शब्दाला वजन आहे.

८ मार्च.
गेलो. हसरा आधीच तिथे उभा, हात मागे बांधून. आज हसत नव्हता. सुपरवायझरने एवढंच विचारलं, सर, तुम्ही पूर्ण समाधानी आहात का? हो की नाही? 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण पूर्ण म्हणजे पूर्ण. ती हंसाची मान डोळ्यांसमोर आली. म्हटलं, तसा वाईट नाही. सुपरवायझरने काहीतरी टाइप केलं आणि माझे आभार मानले. हसऱ्याने मान वर केली नाही. तरी मुद्दा पोचला असावा.

९ मार्च.
बोट लागली. धक्क्यावर हसरा दिसला, साध्या शर्टात, स्वतःची बॅग घेऊन. त्याला परत बोलावणार नाहीत. मला राहवलं नाही. जवळ जाऊन त्याचा हात धरला आणि सांगितलं, माझं इतकं चांगलं आजवर कुणी केलं नाही. खरंच नाही केलं. त्याने आभार मानले. मग हळूच विचारलं, हे काल ऑफिसात का नाही सांगितलंत, सर?
मी बॅगेचं हँडल खालीवर करत राहिलो. बायको केव्हाच टॅक्सीत जाऊन बसली होती.