पाट की खुर्ची

६ जाने., चामोर्शी
रोपवाटिकेत पिशव्या भरायला उकिडवी बसले, उठता येईना. डावा गुडघा. मुकादमबाईंनी हात दिला आणि निकालही देऊन टाकला. "सिकलच असन. चेहरा कसा पांढरा पडला!" आमच्याकडे हाड दुखलं की सिकलसेल, रक्ताचा तो पिढीजात आजार. दुसरा आजार व्हायची सोयच नाही.

९ जाने.
बातमी मूल गावी, मोहनच्या घरी पोचली. त्याच्या आईचा आमच्या आईला फोन. साक्षगंध, म्हणजे आमचा साखरपुडा, ठरलंय, पण आधी मुलीचं रक्त तपासा. राग आला नाही. इथे पत्रिकेआधी सिकलचं कार्ड पाहतात, त्यांनीच उशीर केला.

१४ जाने.
रक्त साफ. आईने तिळगुळासोबत हीही बातमी वाटली. मूलहून निरोप, तारीख पक्की समजा. सगळे खूश. गुडघ्याला कुणी कळवलं नाही, तो दुखतोच आहे.

२० जाने.
चंद्रपूर. एकटीच. एक्स-रे. डॉक्टरांनी फिल्म पाहिली, मग दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. तेव्हा घाबरले.
मांडीच्या हाडावरून गुडघ्यापर्यंत मेण ओघळून थिजावं तसं जास्तीचं हाड. मेलोरिऑस्टोसिस. फार क्वचित दिसतं म्हणाले, जरा खुशीतच. जिवाला धोका नाही. दुखणं कमी करता येईल, मुळापासून घालवता येणार नाही. गुडघा पुढे किती वाकेल, सांगता येत नाही.

२१ जाने.
आई : "सिकल नाई नं? त झालं. बाकीचं त्यायले कायले सांगाचं?"
मोहन मला आवडतो. पहिल्यांदाच लिहितेय. म्हणून तर सांगायचं.

२६ जाने.
मोहनला बसस्टँडवर बोलावून सगळं सांगितलं. फिल्म उन्हाकडे धरून पाहिली त्याने. "मेणबत्तीवानी दिसते." मग, "दुखते तवा काय करते तू?"
हे अजून कुणी विचारलं नव्हतं. रडू आलं. चहा घेतला.
फिल्म तो घेऊन गेला. "आईले मीच सांगतो."

२९ जाने.
फोन नाही. पिशव्या आता स्टुलावर बसून भरते.

१ फेब्रु.
मोहनचा मेसेज : "आई विचारते, साक्षगंधाले तुह्यासाठी पाट ठेवाचा का खुर्ची?"
माझ्या आईने वाचला. "पाट म्हण. खुर्ची म्हटलं त सारं गाव विचारन. घंटाभर त बसाचं आहे."
घरातला पाट टाकून बसून पाहिलं. बसता आलं. उठताना आईलाच हात द्यावा लागला.
'खुर्ची' लिहून ठेवलंय. अजून पाठवलं नाही.