जेठ्याचा वाटा

सोमवार, ३ फेब्रुवारी
आलो एकदाचे नवापूरला! म्हसावदहून एसटीत दोन ट्रंका, पाटा-वरवंटा आणि आमची कौसाबाई, एवढा संसार. कापडाच्या कारखान्याने दिलेली खोली कॉम्प्रेसरघराला पाठ लावून उभी आहे, मधे एकच भिंत. दिवसभर घरघर. कौसाबाई म्हणते, घरात म्हातारा सासरा असल्यागत वाटतं, बरी सोबत होते.
काम आवडीचं. कॉम्प्रेसर हवा दाबून टाकीत भरतो आणि त्या हवेवर माग चालतात. शाळा माझी सातवीपर्यंत, बाकी सगळं हाताने आणि कानाने शिकलो. पण इथे नळीवर नवा फ्लो मीटर बसवलाय. मिनिटाला किती घनफूट हवा गेली ते काचेत आकड्याने दिसतं. मी आपला त्याला नमस्कारच केला. इथल्या इंजिनिअर रंजिता मॅडम म्हणाल्या, काका, गळती तेवढी बंद करा. म्हटलं, हे म्हणजे आम्हाला दुधात साखर.

बुधवार, ५ फेब्रुवारी
टाकीशेजारी एक रिकामं स्टूल आहे. त्यावर बसणाऱ्याच्या तोंडासमोर नळीचा पितळी कॉक, हवेची चावीच ती, केसभर उघडा. सारखी सुस्स सुस्स. बंद करायला गेलो तर दानियल फिटरने हात धरला. म्हणाला, तो जेठ्याचा वाटा आहे.
जेठ्या म्हणजे माझ्या आधीचा ऑपरेटर, विसरवाडीकडचा. दम्याचा माणूस. कॉकची गार हवा तोंडावर घेत इथे बसायचा आणि गेल्या वैशाखात बसल्या बसल्याच गेला. नवं धान्य पूर्वजांना दिल्याशिवाय आमच्यात कोणी तोंडात घालत नाही, मग हवेचं तसंच, असं दानियलचं म्हणणं. मी चिडवलं, अरे, तू तर चर्चला जातोस. तो म्हणे, जातो ना काका, कॉक बघून जातो.

रविवार, ९ फेब्रुवारी
आज माग बंद होते. अशा दिवशी मीटर जो आकडा दाखवेल ती निव्वळ गळती. साबणाचा फेस लावत सगळे सांधे धुंडाळले, बुडबुडा दिसला की आवळला. आकडा उतरत उतरत नऊवर येऊन अडला. ते नऊ जेठ्याचे.
मॅडम खूश झाल्या. आणि बोलल्या काय? जेठ्याकाकांना किती आनंद झाला असता! घाम माझा, शाबासकी त्याची. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच.

बुधवार, १२ फेब्रुवारी
कौसाबाईने आज दोन कप चहा आणला. एक मला, एक स्टुलावर. बोललो तर म्हणते, बिचारा एकटा शे, तुमनं काय जास? त्याचा साखरेचा हो! माझा मात्र फिका, डॉक्टरने सांगितलाय म्हणून.
दुपारी तिथेच बसून मेथी निवडत होती. जेठ्याभाऊ हे, जेठ्याभाऊ ते, आणि हसत होती. माझं नाव लग्नापासून तिने घेतलेलं नाही, रीतच तशी. बाईला सवत असते. पुरुषाला जे असतं त्याला आपल्या भाषेत शब्दसुद्धा नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी
कॉक काढला. तोंडात प्लग ठोकून वरून वेल्डिंग मारलं. स्टूल भंगारात. मॅडमना सांगितलं, गळती होती. खोटं काय त्यात?
 दानियल जाताना म्हणाला, काका, वाटा तोडला की मागणारा घरी येतो.

रविवार, १६ फेब्रुवारी
माग बंद. वाटा बंद. मीटरवर शून्य हवं.
नऊ आहे.
सगळ्या नळीला फेस लावला. एक बुडबुडा नाही. आकडा चढतो, उतरतो, जरा थांबतो. पुन्हा चढतो. यंत्राची चाल अशी नसते.
घरी आलो तर कौसाबाईला धाप लागलेली. तिला दमा कधीच नव्हता. म्हणते, मन्हा दम कोनी तरी खेची ऱ्हायना, म्हणजे श्वास कुणी ओढून घेतंय. आणि हसली — लाजल्यासारखी.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे.
दुपारच्या सुट्टीत माग थांबले, तेव्हा खिडकी उघडून तिच्याजवळ बसलो. पलीकडून दानियल मीटर वाचून ओरडत होता. तिची छाती वर, आकडा वर. छाती खाली, आकडा खाली. मग तो ओरडायचा थांबला. आत येऊन म्हणाला, काका, हात जोडतो, त्याचा वाटा त्याला द्या.
नाही दिला. माझ्या बायकोचा जीव धरून तो माझ्याकडून मान मागणार?

गुरुवार, २० फेब्रुवारी
तिला पाणीही गिळवेना. मग वेल्डिंग कापलं. कॉक बसवला, उघडला.
हवा बाहेर येत नाही. आत जाते. बोट लावलं तर बोट ओढलं. दाबाची नळी ओढेल कशी —
खोलीत आलो तर कौसाबाई नाही. परत कॉम्प्रेसरघरात धावलो, तर स्टुलाच्या जागी जमिनीवर बसलेली. ओठ निळे. म्हणे, इथे बरं वाटतं. चला म्हटलं तर माझ्याकडे पाहिलं, परक्याकडे पाहावं तसं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी
अठरा. माग सगळे बंद ठेवलेत, तरी.
तिचे नऊ, त्याचे नऊ. एका तालात. एवढी वर्षं माझ्या शेजारी झोपली, माझ्या श्वासाला तिचा श्वास असा कधी लागला नाही —
ॲम्ब्युलन्स आली. तिला उचललं की आकडा पडतो आणि ती काळीनिळी होते. खाली ठेवली की चढतो. माणसं घाबरून निघून गेली. दानियल कोपऱ्यात गुडघे टेकून —
मला भीती वाटते. भीतीपेक्षा हेवा जास्त जाळतो.

शनिवार
वाटाच हवा ना तुला? माझा घे. तिचा सोड.
दानियलने कंबर धरून ओढलं. ढकलला त्याला.
तोंड लावलं कॉकला. छातीतून गेलं — सगळं गेलं — सत्तावीस. तिच्या ओठांवर रंग आला. डोळे उघडले. कौसा, इकडे बघ —
इकडे नाही बघत. माझ्या शेजारी बघते. हसते. पदर सावरते.
अजून एकदा. तोंड काढवत नाही आता — हात तेवढा मोकळा —
दानियल आकडे ओरडतो. तिचे नऊ. त्याचे नऊ. माझे सहा — माझे तीन — कौसा, अगं, मी इथे — माझे